दुंडाण्णांची काळी तीन

आमच्या रेवतीचं लग्न ठरलं, मोडलं आणि सहा महिन्यांनी त्याच मुलाशी लागलं, त्या वर्षातली ही गोष्ट. रेवती माझी नात. मांडव उतरून आठच दिवस झालेत. चैत्र लागलाय, घरात अजून बुंदीचा वास आहे. शुक्रवार आहे. जेवण करून मी पुढच्या सोप्यातल्या लोखंडी कॉटवर आडवी झालेय.

आमचं गाव यंत्रमागांचं, पंचगंगेच्या काठावरचं. सहा दिवस रात्रंदिवस खटक-खटक चालू असतं. ते ऐकू येत नाही, अंगात असतं. शुक्रवारी माग बंद. त्या दिवशी शेजारणीनं भांडं ठेवलं तरी आपण दचकतो. दुपारी दुरुस्तीसाठी लाईटही जाते. आत्ताही गेली. पंखा हळू होत चाललाय आणि मी त्याची पाती मोजतेय. तीन पाती वेगवेगळी दिसायला लागतात. मग एकच दिसते. ती थांबते.

थांबलेल्या पातीखाली दुंडाण्णा बसलेत.

मी उठत नाही. उठले तर जातील, एवढं मला कळतंय. मी अजून कॉटवरच आहे, पण कॉट आता आमच्या सोप्यात नाही. पासगोंडाच्या शेडात आहे.

पासगोंडाचं शेड म्हणजे आठ मागांचं पत्र्याचं शेड. तिथं वीस वर्षं आमची शुक्रवारची बैठक भरायची. आम्ही कुणी गाणं-बजावणं शिकलेली माणसं नव्हे. पासगोंडा शेडाचा मालक, तो तबला वाजवायचा. इलाही जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा, तो बासरी. मी मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी, मी गायची. आणि दुंडाप्पा म्हेत्रे माग चालवायचे आणि पेटी वाजवायचे. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना दुंडाण्णा म्हणायची. ते मला बाळाक्का म्हणायचे, सगळं गाव म्हणतं तसं.

माईक-बिईक काही नव्हतं. दोन मागांच्या मधल्या बोळात चटई टाकायची आणि गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. इतकं जवळ बसायचं कारण साधं होतं. जन्मभर मागाशेजारी उभ्या राहिलेल्या माणसाचा कान अर्धा जातो. आणि कान जातो तशी पायात मागाची गती बसते. आम्ही कसलंही गाणं धरलं, अगदी पाळणा धरला, तरी दुसऱ्या कडव्याला ते पळायला लागायचं. बाळ जागं होईल असा पाळणा. म्हणून आमच्यात एक रीत पडली होती. जो पळेल त्याच्या गुडघ्यावर शेजाऱ्यानं हात ठेवायचा आणि बोटांनी हळू ठेका द्यायचा. तोंडानं बोलायचं नाही. आमच्यात कुजबुज होतच नाही. काही सांगायचं तर ओरडून सांगावं लागतं, आणि ओरडलं की एकाची चूक सगळ्या शेडाला कळते. तसं होऊ द्यायचं नाही, ही रीत.

ती रीत मी मोडली. मागच्या भाद्रपदात, गणपतीच्या आधीच्या शुक्रवारी.

त्या दिवशी दुंडाण्णा पेटी उघडता उघडता म्हणाले, "बाळाक्का, आजपास्नं काळी तीनमध्ये गा. काळी चारला तुझा गळा फाटतोय." काळी चार ही पेटीतली माझी पट्टी. वीस वर्षं माझा सा तिथं होता. खालच्या पट्टीत गा म्हणणं म्हणजे म्हातारी झालीस म्हणणं. मला ते इतकं लागलं, की मी रीत विसरले आणि सगळ्यांदेखत ओरडले, "माझा गळा फाटला न्हाई, तुमचा कान गेलाय!"

पासगोंडाचा हात तबल्यावर तसाच राहिला. दुंडाण्णांनी भाता बंद केला, त्याची कडी लावली, पेटी खांद्यावर घेतली आणि ते गेले. पुन्हा आले नाहीत. मग मीही जायची बंद झाले. गाणारी नाही, पेटी नाही. एक तबला आणि एक बासरी किती दिवस समोरासमोर बसणार? पासगोंडानं गेल्या आठवड्यात निरोप पाठवला होता, की या शुक्रवारी चारला शेवटचं बसू आणि बंद करू. मी काही उत्तर दिलं नव्हतं.

आता दुंडाण्णा सूत गुंडाळलेल्या बीमवर बसलेत, पाय हलवत. पट्ट्यापट्ट्यांची लुंगी, वर बाह्यांचा बनियन, खिसा शिवलेला. दाढी केलेली. मागावर उभे राहायचे तेव्हा भुवयांवर कापसाची पूड बसायची, तशी आत्ताही आहे.

"झोपलीस व्हय?" ते विचारतात.

"न्हाई. पडलेय नुसती."

"मग डोळं का मिटलंय?"

मी डोळे उघडते. शेडाच्या आत नदी आलीय. घोट्यापर्यंत पाणी आहे, स्वच्छ, आणि आठही माग त्या पाण्यात म्हशींसारखे शांत उभे आहेत. कुणाला त्याचं काही वाटत नाही. मलाही वाटत नाही. मी कॉटवरून पाय खाली सोडते. पाणी कोमट आहे.

"जेवलासा?" मी विचारते. दुसरं काही सुचत नाही.

"हितं जेवत न्हाईत. तुझ्याकडं काय होतं?"

"लग्नातली बुंदी उरलीय. आमटी-भात."

"रेवतीचं झालं व्हय शेवटी? त्याच पोराशी?"

"त्याच."

"मग मोडलं कशाला हुतं?"

"दोघांचं भांडण झालं आणि कोण आधी बोलणार म्हणून अडलं. सहा महिने."

दुंडाण्णा हसतात. दात दिसतात, खालचा एक नाही. "आजीवर गेलीय," म्हणतात.

मला बोलायचंय. जे बोलायचं ते मी सात महिने पाठ करतेय. पण तोंड उघडायच्या आत आम्ही नगरपालिकेच्या शाळेत आहोत.

ही चौथ्या नंबरची शाळा. इथं संध्याकाळी बायकांचा वर्ग भरायचा. एकसष्टाव्या वर्षी मी इथंच अ-आ शिकले, लहान मुलांच्या बाकावर गुडघे मुडपून. आत्ताही बाक तेच आहेत, पण बाकांवर माग बसलेत. आठ माग, दोन-दोनच्या जोडीनं, शहाण्या मुलांसारखे. दुंडाण्णा शेवटच्या बाकावर मागाशेजारी दाटीनं बसलेत. माझ्या हातात खडू आहे. मी फळ्यावर लिहिते. माझं अक्षर अजून मोठं आणि तिरकं येतं. मी लिहिते, *माझं चुकलं.*

मागं वळून बघते. दुंडाण्णा डोळे बारीक करून फळ्याकडं बघतायत.

"काय लिवलंयस?"

"वाचा की."

"मला कुठं वाचता येतं गं?"

हो. येत नव्हतं त्यांना. हे मला माहीत होतं. ते यायचे बंद झाल्यावर मी त्यांना चिठ्ठी लिहिली होती. दोन ओळींची चिठ्ठी, पण तिला तीन दिवस लागले होते. जन्मात कुणाला लिहिलेली पहिली चिठ्ठी. घडी घातली आणि मग ध्यानात आलं, की ती त्यांना कुणाकडून तरी वाचून घ्यावी लागणार. वाचणारा त्यांच्या कानाशी ओरडून वाचणार. म्हणजे परत तेच. सगळ्या गल्लीला कळणार, की दुंडाप्पाचा कान गेलाय आणि ते सगळ्यांदेखत बोलणारी बाळाक्का होती. मी चिठ्ठी चुलीत घातली.

"तोंडानं सांग," दुंडाण्णा म्हणतात. "हितं मला ऐकू येतं."

"खरं?"

"सगळं. परवा गौरानं दळण चाळलं, ते बी ऐकू आलं. तुझ्या बांगड्या वाजतात, ते बी. हळू बोल."

गौरा त्यांची बायको. मी खडू खाली ठेवते आणि पहिल्यांदाच त्यांच्याशी हळू बोलते. चाळीस वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदा. माझाच आवाज मला परका वाटतो.

"माझं चुकलं, दुंडाण्णा. सगळ्यांदेखत मी ओरडले."

ते शेजारच्या मागावर कोपर टेकवतात. मग म्हणतात, "हळू बोलली असतीस तर मला ऐकू आलं असतं व्हय?"

मला हसू येतं आणि त्याचं मला वाईट वाटतं. बाकांवरचे माग खोकल्यासारखा आवाज करतात.

"थट्टा नको," मी म्हणते. "त्या बोलण्यानं तुम्ही यायचं बंद केलंसा. खरं सांगा. त्यासाठीच मी..."

"त्यासाठीच काय?"

"त्यासाठीच मी डोळं मिटलंय."

आता ते लुंगी सावरतात. जिवंत असताना काही अवघड सांगायचं असलं की ते असंच करायचे.

"राग आला हुता," ते म्हणतात. "खोटं कशाला बोलू. चांगला महिनाभर राग हुता. गौराला सांगितलं, त्या बाईचं नाव घरात काढायचं न्हाई. मग दसऱ्याच्या आसपास राग गेला. का गेला ते मला बी ठावं न्हाई. सकाळी उठलो आन् नव्हता. पण तवर पाय सुजलं हुतं, दम लागायचा. शेडापर्यंत येणं व्हईना. आन् राग गेलाय ह्ये सांगायला माणूस पाठवायचा का? लोक म्हणतील, म्हाताऱ्याला याड लागलं."

"मी आले होते. दोनदा. तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत."

"बघितलंय की खिडकीतनं. एकदा हिरवं लुगडं हुतं. का वळलीस?"

"गौराक्का कपडे वाळत घालत होत्या."

"मग? ती काय चावती?"

गौराक्कांनी माझ्याकडं बघितलं होतं आणि हातातलं धोतर झटकलं होतं, जोरात. एवढंच. तेवढ्यानं मी वळले होते.

"मी बी हाक मारली न्हाई," दुंडाण्णा म्हणतात. "खिडकीतनं मारता आली असती. म्हणलं, आली तर येईल. सारखंच झालं."

फळा गेलाय. आम्ही घाटावर आहोत, खालच्या पायरीवर, पण पाणी शेडात राहून गेलंय त्यामुळं नदी कोरडी आहे. नदीच्या पात्रात लांबच लांब ताणा घातलेला आहे, पांढऱ्या सुताच्या उभ्या धाग्यांचा, पलीकडच्या गावापर्यंत. दुंडाण्णांच्या मांडीवर पेटी आहे. पेटीवर धूळ आहे. ते बोटानं धूळ पुसत नाहीत, फुंकतात.

"आता माझं ऐक," ते म्हणतात. "तू बोललीस ते खरं हुतं. कान गेलाच हुता. दोन वर्सं झाली हुती. मी बोटांनी वाजवायचो, कानांनी न्हवं. पट्ट्या कुठं हाईत ते बोटांस्नी ठावं हुतं. पासगोंडाचा तबला अंगात यायचा, इलाहीची बासरी तर कवाच गेली हुती. कुणाला सांगितलं न्हाई."

"मग मला काळी तीनमध्ये गा का म्हणालासा? माझा गळा..."

"तुझ्या गळ्याला काय झालं न्हवतं."

माझा हात गळ्याकडं जातो.

"वर गेलीस की तू मला ऐकूच यायची न्हाईस," ते म्हणतात. "खालचं थोडं थोडं यायचं. वरचं न्हाई. सगळी मान डोलवायची आन् मला नुसतं तुझं उघडलेलं तोंड दिसायचं. म्हणलं, एक पट्टी खाली आलीस तर काय तरी पदरात पडंल. ते सांगायला लाज वाटली. म्हणून म्हणलं, तुझा गळा फाटतोय."

"माझ्यावर ढकललंसा."

"ढकललं."

"सात महिने मी आरशात तोंड उघडून बघतेय, की गळ्याला काय झालंय."

"मग? दिसलं काय?"

"पडजीभ."

ते हसतात. मलाही राग धरता येत नाही, कारण तो कुठं धरायचा ते कळत नाही. ते खोटं बोलले, मी खरं बोलले, आणि दोघांनी मिळून बैठक मोडली. दोघांपैकी कुणी एक शब्द सरळ बोलला असता तर चटईवर सगळे बसलेले असते. एवढी साधी गोष्ट होती. माणूस मेल्यावरच ती इतकी साधी का दिसते?

"चारला पासगोंडाकडं शेवटचं बसणार हाईत," मी म्हणते.

"ठावं हाय."

"पेटी नाही."

"पेटी घरात हाय. पलंगाखाली. गौरा उघडत न्हाई. तिला वाटतं, उघडली की मी वाजवायला लागीन." ते पेटीच्या पट्ट्यांवरून उलटा हात फिरवतात, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा. "झुरळं झालीत भात्यात. पासगोंडाची बहीण बरी वाजवती. तिला दे."

"मी मागू? गौराक्कांकडं?"

"तू."

"त्या धोतर झटकतील."

"झटकू दे. हाय कुणाचं धोतर आता झटकायला?"

हे ते हसत म्हणतात, पण मला हसता येत नाही. मी खाली बघते. पायऱ्यांवर सुताचे धागे पडलेत.

ते बनियनच्या खिशात हात घालतात आणि मूठ माझ्यापुढं धरतात. खडीसाखर. मोठा खडा, एका बाजूनं कापूस चिकटलेला.

"घे. गाण्याआधी."

"मला साखर आहे, दुंडाण्णा. डॉक्टरनं बंद केलंय."

"मेलेल्या माणसाच्या हातच्या साखरेनं साखर वाढत न्हाई. घे."

मी खडा तोंडात ठेवते. गोड आधी जाणवत नाही. थंड जाणवतं, मग कडेकडेनं गोड यायला लागतं. ते भाता उघडतात. पेटीतून आधी धूळ येते, मग सूर. काळी तीन. मी ओळखते. पोटात उतरतो तो सूर. आयुष्यात मी त्या पट्टीत गायले नाही. ते भुवया उचलतात, म्हणजे, हं.

मी गाते. काय गाते ते मला आठवत नाही. खडीसाखर गालात ठेवून गाते. आवाज वर धडपडत नाही, पायऱ्यांवर बसतो. मी पळत नाही. पहिल्यांदाच एक गाणं दुसऱ्या कडव्याला पळत नाही आणि कुणाला माझ्या गुडघ्यावर हात ठेवावा लागत नाही. दुंडाण्णांनी डोळे मिटलेत. त्यांची मान डोलत नाही. आधी डोलायची, आमच्याबरोबर डोलायची. आता ती स्थिर आहे, आणि मला कळतं, की ते ऐकतायत. डोलताना ते ऐकत नव्हते.

मग पलीकडच्या काठावर एक माग सुरू होतो. मग दुसरा. नदीतला ताणा हलायला लागतो. मग सगळ्या गावातले एकदम. शुक्रवार असून. माझा आवाज त्याखाली जातो. दुंडाण्णा डोळे उघडतात आणि काही तरी सांगतायत. मला त्यांचं नुसतं उघडलेलं तोंड दिसतंय.

"काय?" मी ओरडते. "काय म्हणताय?"

ते परत सांगतात. न रागावता, सावकाश, जसं बहिऱ्या माणसाला सांगतात. ओठ हलतात. मला काही ऐकू येत नाही.

पंखा फिरतोय. लाईट आलीय. सून आतून म्हणतेय, "आत्ती, झोपेत कुणाला ओरडताय?"

साडेतीन वाजलेत. तोंड कोरडं आहे आणि गोड आहे. दातांत काही तरी अडकलंय. मी दोन बोटांनी ओढते. दोरा निघतो, वीतभर, ओला. खडीसाखरेच्या खड्यात असतो तसला. साडीचा असेल म्हणून मी पदर बघते. माझी साडी पॉलिस्टरची आहे. चाळीस वर्षं मी सूत हाताळलंय, बोटांना फसवता येत नाही. हे सूत आहे, कच्चं, न रंगवलेलं, दोन पदरी. असलं सूत आमच्या घरात नाही. साखर बंद झाल्यापासून घरात खडीसाखरही नाही.

सुनेला मी काही सांगत नाही. दोरा वाळत घालायला जागा सापडत नाही, म्हणून बोटाला गुंडाळते. चपला घालते.

"एवढ्या उन्हात कुठं?" सून विचारते.

"म्हेत्र्यांच्याकडं. गौराक्कांकडं पेटी मागायची आहे. पासगोंडाला फोन कर, बहिणीला बोलावून ठेव म्हणावं. काळी तीन लागंल."

दुंडाप्पा शिवलिंग म्हेत्रे मागच्या मार्गशीर्षातल्या दुसऱ्या शुक्रवारी, सकाळी सात वाजता, आपल्या राहत्या घरी वारले. वय त्र्याहत्तर. माग बंद होते, म्हणून गौराक्कांचं रडणं तीन गल्ल्या पलीकडं माझ्या घरात ऐकू आलं होतं.